पुली फिरते, पण क्लच धरत नाही

वाचकांचे प्रश्न : वाहन दुरुस्ती

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी आणि पोटात विद्युतचुंबकी क्लच असलेली पुली बहुतेकांनी एसीच्या कॉम्प्रेसरवर पाहिलेली असते. सुपरचार्जरवरची (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंपावरची) क्लच पुली ही तिचीच थोरली बहीण. घडण तीच, फक्त पळायचा वेग जवळजवळ दुप्पट. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत दोघींच्या तक्रारी आहेत, म्हणून त्या एकत्रच घेतल्या. ज्यांच्या गाडीला सुपरचार्जर नाही त्यांनीही दुसरे उत्तर वाचावे. एसीच्या पुलीला ते जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ची मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर आहे. गाडी सुरू केली की पुढून सतत खर्रखर्र आवाज येतो, रेस दिली की तो चढतो. एसी लावा की बंद करा, फरक नाही. गॅरेजवाले म्हणतात सुपरचार्जर गेला, अख्खा बदला. खरंच बदलावा लागेल का? (कोलशेत, ठाणे)

उत्तर : लगेच नाही. आधी आवाज कोणत्या तुकड्याचा आहे ते ठरवा. तुमच्या गाडीत (नावातला 'कॉम्प्रेसर' म्हणजे सुपरचार्जरच, एसीचा नव्हे) एम-१११ इंजिन आणि त्यावर ईटनचा एम-६२ सुपरचार्जर आहे. ६२ म्हणजे एका फेरीत ६२ घन इंच, साधारण एक लीटर हवा ढकलणारा. २०००च्या फेरबदलाआधीच्या या गाड्यांत सुपरचार्जरच्या नाकाडावर, म्हणजे पुढे आलेल्या टोकावर, क्लच पुली असते. इंजिनावर भार नसेल तेव्हा पुली नुसती फिरते आणि आतले रोटर, म्हणजे हवा ढकलणारे फिरते भाग, स्वस्थ असतात. ॲक्सिलरेटरचे पेडल दाबले की विद्युतचुंबकाच्या कॉइलला वीज मिळते, पुढची प्लेट पुलीच्या तोंडावर टक्कन चिकटते आणि रोटर फिरू लागतात.

म्हणजे भाग तीन. एक, पुली आणि तिच्या पोटातले बेअरिंग. दोन, पुलीच्या मागे न फिरता बसलेली कॉइल. तीन, रोटरच्या शाफ्टवर बसलेली पुढची प्लेट, जिला कारागीर हब म्हणतात. बेअरिंगची आतली रिंग सुपरचार्जरच्या न फिरणाऱ्या नाकाडावर बसते आणि बाहेरची रिंग पुलीत. त्यामुळे क्लच धरलेला असो वा सुटलेला, इंजिन चालू आहे तोवर हे बेअरिंग फिरतच राहते. निदानाची किल्ली इथेच आहे. क्लच सुटलेला असतानाही आवाज येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर. क्लच धरल्यावरच येत असेल तर संशय सुपरचार्जरच्या आतल्या भागांवर, किंवा घसरणाऱ्या प्लेटवर.

तुमचा आवाज आयडलिंगलाही येतो, तेव्हा क्लच बहुधा सुटलेला असतो. म्हणून पुलीच्या बेअरिंगची शक्यता जास्त. खात्री करायला सुपरचार्जरचा पट्टा उतरवा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा. पट्टा एकच असेल आणि त्याच्यावरच पाण्याचा पंपही चालत असेल तर वीस-तीस सेकंदांवर एक सेकंदही नको. आवाज गेला, तर इंजिन बंद करून पुली हाताने फिरवा. चांगले बेअरिंग गुपचूप फिरते. खराब बेअरिंग वाळूत हात घातल्यासारखे कचकचते किंवा सायकलच्या चाकासारखे नको तितके मोकळे फिरते (ग्रीस संपल्याची खूण). मग पुली वर-खाली हलवून पाहा. बोटाला टकटक जाणवली, तर झीज भरपूर झाली आहे.

पट्टा उतरवलाच आहे, तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा) आणि आयडलर (पट्ट्याला नुसता वळवणारा) यांच्या पुल्याही फिरवून घ्या. सुपरचार्जरच्या नावावर खपवलेला आवाज त्यांच्यापैकी एकीचा निघणे अगदी नेहमीचे आहे.

आता पुढची प्लेट हाताने फिरवा, म्हणजे रोटर फिरतील. किंचित जड पण एकसारखे लागायला हवे. धातू घासल्याचा आवाज आला तर रोटर एकमेकांना किंवा घराला लागताहेत, आणि मग गॅरेजवाले बरोबर आहेत. क्लच धरलेला असताना कमी वेगाला खडखड आणि थोडी रेस देताच गप्प, असा प्रकार असेल तर नाकाडाच्या आतला कपलर (शाफ्ट आणि रोटर यांना जोडणारा तुकडा) झिजला आहे. तो वेगळा मिळतो. पुलीच्या मागे तेलाचा ओघळ दिसला तर शाफ्टचे सील गेले आहे. ते आधी बदला, नाहीतर नवा क्लच तेलात भिजून घसरेल. सील बदलले की गिअरच्या कप्प्यातले तेलही नवे भरा. हे तेल शंभर-दीडशे मिलीच्या आसपास असते, सुपरचार्जरसाठीचे सिंथेटिकच लागते, आणि इंजिन गार असताना भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरायचे. इंजिन ऑइल त्यात घालू नका, आणि 'थोडे जास्त असू द्या' हा सल्लाही ऐकू नका. जास्तीचे तेल सीलमधून बाहेरच येते.

प्रश्न : आमचे छोटे गॅरेज आहे. एसी कॉम्प्रेसरच्या पुल्या नेहमी उघडतो, पण सुपरचार्जरची क्लच पुली पहिल्यांदाच आली आहे. बेअरिंग बदलायचे आहे. कोणत्या क्रमाने उघडावी आणि कुठे चुकायला होते? (रबाळे, नवी मुंबई)

उत्तर : क्रम एसीसारखाच, सवलत मात्र कमी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पट्ट्याचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे परत बसवताना डोके खाजवावे लागत नाही. टेन्शनर मागे ओढून पट्टा उतरवा, कॉइलचा कनेक्टर सोडवा.

हबच्या मधला नट किंवा बोल्ट सोडताना पुली धरून उपयोग नाही. क्लच सुटलेला असताना पुली आणि शाफ्ट यांचा संबंधच नसतो. हबच्या भोकांत बसणारी पकड वापरा. इम्पॅक्ट गन टाळा, तिचे धक्के नाकाडातल्या बारीक बेअरिंगांवर आणि गिअरवर जातात. नट निघाला की हब पुलरने ओढा. बहुतेक हबच्या मध्ये पुलरसाठी आटे दिलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेली प्लेट डोळ्याला सरळ दिसते, पण प्लेट आणि पुलीमधली फट तीन जागी मोजली की वाकलेली निघते. असा हब फेकण्याच्याच लायकीचा होतो.

हब निघताच त्याच्या मागे पातळ चकत्या, म्हणजे शिम, दिसतील. मोजा, जाडी लिहा आणि डबीत ठेवा. साधारणतः ०.१, ०.३ आणि ०.५ मिमीच्या असतात. या चकत्यांवरच पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

मग सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी. काढताना तिची कोणती बाजू बाहेर होती ते पाहून ठेवा. एका बाजूने उतार दिलेली सर्कलिप असेल तर उताराची बाजू बाहेर ठेवूनच परत बसते, उलटी बसली तर खाचेत पुरती शिरत नाही. पुली हाताने निघत नसेल तर दोन किंवा तीन नख्यांचा पुलर लावा. शाफ्टच्या टोकावर आधी टोपी ठेवा, म्हणजे आटे वाचतात. कॉइल बहुधा दुसऱ्या सर्कलिपने किंवा तीन स्क्रूंनी धरलेली असते आणि तिच्या मागची खूंटी घरातल्या भोकात बसते. कॉइलच्या बाहेरच्या कडेवर चकचकीत घासल्याची रेघ असेल तर बेअरिंगच्या झिजेमुळे पुली डोलत होती आणि कॉइलला घासत होती. अशी कॉइल मल्टिमीटरने तपासल्याशिवाय परत लावू नका.

बेअरिंग पुलीत सर्कलिपने किंवा कडेला तीन-चार ठिकाणी पंच मारून अडकवलेले असते. पंचाच्या खुणा असल्या तर तेवढा धातू आधी कापून काढा आणि मगच प्रेसखाली घ्या. नवे बसवून झाल्यावर नवे पंच जुन्या खुणांच्या मधल्या जागी मारायचे.

प्रेसचा नियम एकच, आणि तो मोडणारे अजून भेटतात. जी रिंग घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. बेअरिंग पुलीत बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर. बेअरिंगसकट पुली नाकाडावर चढवताना जोर आतल्या रिंगवर. उलट केले तर जोर गोळ्यांमधून जातो, धावेवर बारीक खड्डे पडतात, आणि दोन दिवसांत तोच आवाज परत येतो. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला. बाहेरच्या रिंगवर पुरेपूर बसेल असा सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची रिंग वापरा, हातोडी कपाटात ठेवा.

पुली हॉट एअर गनने ऐंशी-शंभर अंशांपर्यंत गरम केली आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले तर काम अर्ध्या जोरात होते. पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या बेअरिंगवर क्षणात दव धरते. म्हणून ते बंद पिशवीत ठेवा, पिशवी बसवायच्या क्षणीच उघडा आणि बाहेरची रिंग पुसून लगेच प्रेसखाली घ्या. नवे बेअरिंग मात्र गरम करू नका, आतले ग्रीस आणि रबरी सील दोन्ही खराब होतात.

जोडण्याआधी पुलीचे तोंड आणि प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा. बारीक रेघा चालतात. तोंड निळे-जांभळे पडले असेल, किंवा नख अडकेल इतक्या खाचा असतील, तर पुली आणि हब दोन्ही बदला. लेथवर तोंड उतरवून घेता येते, वागळे इस्टेटमध्ये हे करणारे मिळतात. पण दोन दशांश मिमी उतरवले तर फट तेवढी वाढते. ती चकत्या कमी करून भरून निघाली पाहिजे, आणि निळी पडलेली पुली उतरवूनही सरळ राहीलच असे नाही.

आता फट. हब बसवा, नट ठरलेल्या टॉर्कने कसा. एम-८ च्या बोल्टला १५ ते २० न्यूटन-मीटर पुष्कळ झाले, त्यावर लांब दांड्याचा पाना चढवू नका. प्लेट आणि पुलीच्या तोंडामधली फट फीलर गेजने तीन जागी, १२० अंशांच्या अंतराने, मोजा. एसीच्या क्लचला साधारण ०.३५ ते ०.६५ मिमी फट लागते. सुपरचार्जरचा क्लचही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचाच, आकडा त्या युनिटच्या कागदावरचा घ्या. फट जास्त आली तर चकती कमी करा, कमी आली तर वाढवा. तीन जागी आकड्यांत फार फरक दिसला तर प्लेट वाकली आहे किंवा बेअरिंग पुलीत पूर्ण तळापर्यंत गेलेले नाही. दुसरी गोष्ट जास्त वेळा निघते. बेअरिंग ०.२ मिमी वर राहिले की पुली तेवढी पुढे येते आणि जुन्या चकत्यांचा हिशेब कोलमडतो. त्यामुळे 'जुन्या चकत्या जशाच्या तशा घातल्या' हे उत्तर चालत नाही. फट मोजूनच द्या.

शेवटी प्लेट रुळवणे. नव्या तोंडांना एकमेकांची ओळख नसते, पहिल्याच दणक्यात पूर्ण भार दिला तर ती घसरतात आणि तापतात. एसीच्या क्लचला इंजिन दीड हजार आरपीएमवर ठेवून दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असे वीसेक वेळा करतात. सुपरचार्जरच्या क्लचला हे काम रस्त्यावर करा. पहिले शे-दोनशे किलोमीटर पेडल अर्ध्यावर ठेवून, क्लच हलक्या भारावर धरेल-सोडेल असे चालवा. घोडबंदरच्या मोकळ्या रस्त्यावर रात्री 'बघू किती पळते' हा मोह तेवढे दिवस आवरा.

प्रश्न : आकाराने अगदी तेच एसीचे बेअरिंग सुपरचार्जरच्या पुलीत बसवले. दोन महिन्यांत पुन्हा आवाज. बेअरिंग डुप्लिकेट होते का? (खारघर)

उत्तर : अस्सल असूनही असेच झाले असते. बेअरिंगच्या आकड्यांतून माप कळते, उदाहरणार्थ ३५-५२-२० म्हणजे आतला व्यास ३५, बाहेरचा ५२, रुंदी २० मिमी. वेग त्यातून कळत नाही. हिशेब करून बघा. एसीची पुली क्रँकच्या साधारण सव्वापट फिरते, म्हणजे ६,००० आरपीएमला साडेसात हजार. सुपरचार्जरची पुली लहान असते. गुणोत्तर २.३ धरले तर त्याच वेळी तिचा वेग १३,८०० होतो. एसीच्या बेअरिंगमधले ग्रीस आणि ओठ घासणारे जाड सील या वेगाला तापतात, ग्रीस पातळ होऊन बाहेर पडते आणि गोळ्या कोरड्या धावतात.

बेअरिंग घेताना उत्पादकाच्या पुस्तिकेत सीलसकटच्या त्या बेअरिंगची कमाल वेगमर्यादा पाहा. ती तुमच्या पुलीच्या कमाल वेगाहून जास्त हवी. ग्रीस उच्च तापमानाचे असावे आणि आतली मोकळीक सी-३, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्त, असावी, कारण गरम होऊन आतली रिंग फुगली तरी गोळ्या आवळल्या जाऊ नयेत. अशी पुली दोन ओळी गोळ्यांच्या बेअरिंगवर बेतलेली असते. रुंदी जमते म्हणून एका ओळीची दोन बेअरिंगे शेजारी ठेवू नका, पट्ट्याच्या एकतर्फी ओढीत पुली तिरकी होते.

बेअरिंग बरोबर असूनही लवकर जात असेल तर पट्ट्याचा ताण पाहा. आणि गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा पुलीच्या तोंडावर मारतात का, तेही विचारा. सील धुळीसाठी असते, फवाऱ्यासाठी नव्हे.

प्रश्न : जुनी एसएल ५५ एएमजी आहे. सकाळी उत्तम चालते. पाम बीच रोडवरून अर्धा तास आणि मग तुर्भ्याच्या गर्दीत वीस मिनिटे झाली की ओढ एकदम कमी होते. गार झाल्यावर पुन्हा ठीक. क्लच बदलू का? (नेरुळ)

उत्तर : गरम झाल्यावर बिघाड आणि गार झाल्यावर बरे, ही खूण दोन वेगळ्या रोगांची असते. त्यांच्यातला स्वस्त रोग आधी तपासा.

या गाडीतल्या ५.४ लीटर व्ही-८ वर दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधोमध आयएचआय कंपनीचा स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर असतो आणि त्याला विद्युतचुंबकी क्लच. दाबलेली हवा गार करायला पाण्याचा इंटरकूलर असतो, त्याचे पाणी वेगळा विजेवरचा छोटा पंप फिरवतो. हा पंप मंदावला किंवा बंद पडला, तर गर्दीत हवेचे तापमान चढते आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंजिन वाचवायला बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, कमी करतो. क्लचचा काहीच दोष नसतो. स्कॅनर लावून आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब एकत्र पाहा. आपल्याकडे समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १,०१३ हेक्टोपास्कल. पेडल दाबूनही आकडा याच्या वर जात नाही आणि हवेचे तापमान मात्र भरमसाट दिसते, तर आधी पंप, त्याचा फ्यूज, आणि इंटरकूलरच्या पाण्यात अडकलेली हवा. पंप चालतो की नाही हे हात लावून कळते. इग्निशन दिल्यावर पंपाला वीज मिळत असेल तर त्याच्यात बारीक थरथर जाणवते.

तापमान आटोक्यात आहे, ईसीयू क्लच धरायला सांगतो आहे आणि तरी दाब चढत नाही, मग मात्र क्लच. तो गरम झाल्यावरच का सुटतो ते एकदा समजून घ्या. समजा कॉइलचा रोध २५ अंशांना ३.६ ओहम आहे. १४ व्होल्टला तिच्यातून ३.९ अँपिअर जातील. कॉइल १०० अंशांना पोचली की तांब्याचा रोध सुमारे २९ टक्क्यांनी वाढून ४.६५ होतो आणि प्रवाह ३ अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे उरली जेमतेम ६० टक्के. त्यात प्लेट झिजून फट वाढलेली असेल तर ओढ आणखी खाली येते, कारण फट वाढली की ओढही वर्गाच्या हिशेबानेच घटते. सकाळी हीच प्लेट टक्कन बसते, दुपारी अर्धवट चिकटून घसरते. घसरली की तापते, तापली की आणखी घसरते. तोंड निळे पडते, कॉइलवरचे रेझिन वितळते, शेजारचे बेअरिंग ग्रीस ओकते. तीन भाग एकदम गेलेली पुली पाहिली की सुरुवात बहुतेक वेळा फटीतून झालेली असते.

म्हणून क्रम असा. गाडी गरम असतानाच, इंजिन बंद करून, हबची फट मोजा. कॉइलचा रोध गार आणि गरम असा दोन्ही वेळा घ्या. क्लच धरलेला असताना बॅटरीवर आणि कॉइलच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंग, रिले किंवा अर्थिंगचा आहे. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीत अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असणे हे कारण पुष्कळदा निघते, आणि ते एमरी पेपरने बरे होते. फट मापाबाहेर असेल आणि तोंडे चांगली असतील तर एक चकती कमी करून काम होते. मात्र फट हवी त्याहून कमी करू नका. मग क्लच सुटलेला असतानाही प्लेट घासत राहते आणि तुम्ही जुना रोग देऊन नवा घेता.

आणि कुणी इंजिन वेगात असताना कॉइलला थेट बॅटरीची वायर लावून 'धरतो का बघू' म्हणाले तर हात धरा. स्थिर रोटरला एका क्षणात दहा-बारा हजार फेऱ्यांवर खेचायला लावणे हा क्लचचा शेवटचा प्रयोग ठरू शकतो. थेट वीज द्यायचीच तर इंजिन बंद असताना.

प्रश्न : सी २०० कॉम्प्रेसर, १.८ लीटर, २००८. मेकॅनिक म्हणाला सुपरचार्जरचा क्लच घसरतो. सुटा क्लच कुठेच मिळत नाही. (ऐरोली)

उत्तर : मिळणार नाही, कारण तो तुमच्या गाडीत नाहीच. एम-२७१ इंजिनावरच्या सुपरचार्जरला क्लच दिलेला नाही, तो इंजिनाबरोबर सतत फिरतो आणि नको असलेली हवा बायपासची झडप परत वळवते. ओढ कमी वाटत असेल तर ती झडप आणि तिचा सर्व्हो, हवेच्या पायपांचे फाटलेले रबरी जोड, पट्टा आणि टेन्शनर या क्रमाने पाहा. मेकॅनिक बदला असे म्हणत नाही, पण गाडीची वायरिंग डायग्रॅम त्याच्यासमोर ठेवून कॉइल कुठे आहे ते दाखव म्हणा.

प्रश्न : साधी हॅचबॅक. उन्हाळ्यात माजिवड्याच्या सिग्नलवर एसीची थंड हवा जाते, बॉनेट उघडले तर कॉम्प्रेसरची पुली फिरते पण मधली प्लेट थांबलेली. गॅस आत्ताच भरला आहे. (कापूरबावडी, ठाणे)

उत्तर : वर एसएल ५५च्या उत्तरात दिलेला हिशेब तुमच्या कॉम्प्रेसरलाही लागू. पण आधी कॉइलला त्या क्षणी वीज मिळते आहे का ते बघा. मिळत नसेल तर क्लच निर्दोष. रेडिएटरचा पंखा नीट चालत नसल्याने दाब चढून प्रेशर स्विचने वीज तोडलेली असू शकते, आणि नुकताच गॅस भरल्यामुळे तो जास्त झाल्याचीही शक्यता आहे. वीज मिळते पण प्लेट ओढली जात नाही, तर फट. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या कॉम्प्रेसरमध्ये एक ०.१ किंवा ०.३ मिमीची चकती काढून हे काम तासाभरात होते. त्यासाठी गॅस काढावा लागत नाही, कारण हब शाफ्टच्या सीलच्या बाहेर असतो. 'क्लचसाठी गॅस काढावा लागेल' असे बिल आले तर कारण विचारा.

काही कॉइलांत तापमानाचा फ्यूज असतो. तो एकदा उडाला की कॉइल कायमची मुकी होते, रोध अनंत दाखवते. आणि प्लेट नेहमीच पुलीबरोबर फिरत असेल, मागे फक्त दोन बारीक तारांचा कनेक्टर असेल, तर तुमचा कॉम्प्रेसर बिनक्लचचा, बदलत्या क्षमतेचा आहे. त्यात फट शोधू नका.

प्रश्न : पावसात गाडी सुरू करताच चुईं आवाज. पुलीचे बेअरिंग की पट्टा? (कळवा)

उत्तर : पट्टा फिरत असताना त्याच्या फासळ्यांच्या बाजूवर स्प्रे बाटलीने थोडे पाणी मारा, हात आणि बाही लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी किंवा पट्टा गुळगुळीत झालेला. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग तपासा. क्लच पुलीचे बेअरिंग नुकतेच बदलले असेल आणि पाणी मारल्यावर आवाज थांबत असेल, तर बहुधा पुली पूर्ण आत गेलेली नाही.

प्रश्न : सुपरचार्जरला लहान पुली लावली की ताकद वाढते म्हणतात. क्लच पुलीवर करता येईल का? (वाशी)

उत्तर : व्यास ६५चा ६० मिमी केला तर सुपरचार्जर आठ टक्के जास्त फिरतो आणि बूस्ट वाढतो, इथवर बरोबर. पण क्लच पुलीच्या पोटात कॉइल बसलेली असते, तिच्याहून लहान पुली बनवता येत नाही. म्हणून अशा गाड्यांत क्रँकची पुली मोठी करतात. क्लचला मात्र दोन्ही बाजूंनी जास्त ओझे येते. हवा दाबायला टॉर्क जास्त लागतो आणि धरताना रोटरला जास्त वेगावर न्यावे लागते. जुन्या प्लेटवर हा प्रयोग केलात तर वरचे निळ्या तोंडाचे प्रकरण तुमच्याकडे लवकर येईल. क्रँकच्या पुलीत कंपने शोषणारे रबर असते हेही लक्षात घ्या. तिच्या जागी नुसती लेथवर वळवलेली चकती लावणे क्रँकच्या हिताचे नाही.

प्रश्न : अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. टर्बो असताना सुपरचार्जर आणि क्लच दोन्ही कशाला, हे फोक्सवॅगनच्या ट्विनचार्जरबद्दल (टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही असलेले इंजिन) वाचून कळले नाही. (कोपरखैरणे)

उत्तर : टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, म्हणून कमी वेगाला सुस्त असतो, ती पोकळी सुपरचार्जर भरतो. २००५च्या गोल्फ जीटीमधल्या १.४ लीटर इंजिनात सुपरचार्जर क्रँकच्या पाचपट फिरायचा आणि ३,५०० आरपीएमनंतर क्लच त्याला सोडून द्यायचा. ३,५०० गुणिले ५ म्हणजे १७,५०० फेऱ्या, तीच त्याची मर्यादा. क्लच नसता तर इंजिन ६,०००ला गेले की सुपरचार्जर ३०,०००ला गेला असता. इंजिनाची ताकद वाचते हा वरचा फायदा, पण इतके मोठे गुणोत्तर ठेवणेच मुळात क्लचमुळे शक्य झाले.

हा क्लच सुपरचार्जरवर नसून पाण्याच्या पंपाच्या पुलीत आहे, त्याच्या पुढे दुसरा पट्टा सुपरचार्जरला जातो. प्लेट तीन पातळ पट्टी-स्प्रिंगांवर मागे येते आणि ईसीयू वीज हळूहळू वाढवत क्लच धरतो, म्हणून धक्का बसत नाही. दुरुस्तीत पंप आणि क्लच एकत्रच बदलतात. भारतात विकल्या गेलेल्या जेट्टा आणि ऑक्टाव्हियामधले १.४ टीएसआय फक्त टर्बोचे आहे, त्यामुळे कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा क्लच जुन्या बाजारात शोधत बसू नका. एसी कॉम्प्रेसरची भंगारातली क्लच पुली, १२ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर आणि डायल गेज एवढ्यावर फट, प्रवाह आणि ओढ यांचा आलेख टेबलावर काढता येईल. कॉइल दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग चालू ठेवू नका, आणि दर मोजमापाआधी तिचा रोध घ्या, म्हणजे ती किती तापली आहे ते आपोआप कळेल.